फुली वर, गोल खाली

"पाय धर त्याचे," लिफ्टमन म्हणाला. "नखांत घाण राहिली की लोक आधी तीच बघतात."

"तूच धर," ताई म्हणाली. "मी पाणी ओतते."

"अगं, मला दोनच हात आहेत. एकात हा, दुसऱ्यात ब्रश. तिसरा कुठून आणू?"

"देवाने लिफ्टमनला दोन हात दिले ते एक बटण दाबायला आणि एक तोंड दाबायला. दुसरा तू कधी वापरलाच नाहीस."

लिफ्टमन हसला. ताईचं बोलणं असंच, आणि त्याला ते आवडायचं. त्याने लावा छातीशी धरला आणि दातांच्या जुन्या ब्रशाने त्याची नखं एकेक करून घासली. ताई तांब्याने बारीक धार धरून उभी होती. धार पक्ष्याच्या पायांवर बरोब्बर पडत होती, पण तिचा हात पक्ष्यापासून वीतभर लांबच होता. पाणी संपलं तसे तिने दोन्ही हात काखेत दाबून घेतले, थंडी वाजल्यासारखे. पिंजऱ्यांजवळ किंवा अंड्यांच्या पेटीजवळ आली की ती अशीच उभी राहायची. चौदा वर्षं झाली होती. लिफ्टमनला आता ते दिसतही नव्हतं.

लावा म्हणजे मुठीत मावणारा, जमिनीवर तुरुतुरु पळणारा पक्षी. साधा लावा भुरा असतो, वाळल्या गवतात बसला तर शोधून सापडत नाही. लिफ्टमनचा हा लावा मात्र सोनेरी होता, पिकल्या धान्याच्या रंगाचा, पाठीवर बारीक तपकिरी रेघा. चालताना छाती काढून चालायचा म्हणून त्याचं नाव शेठ. मागच्या गॅलरीत शेठच्या चार सोनेरी माद्या होत्या, आणि त्यांच्या खालच्या पिंजऱ्यात सात-आठ भुरे. भुऱ्यांची अंडी घरात खायला. सोनेऱ्यांची अंडी पेटीत, उबवायला.

पिंजऱ्यांना वरून लाकूड किंवा जाळी नव्हती, जुन्या ब्लँकेटचं कापड ताणून बसवलेलं होतं. लावा घाबरला की सरळ वर उडतो आणि डोकं फोडून घेतो. ते कापड लिफ्टमनचीच युक्ती. "माझा जन्म वर-खाली करण्यात गेला," तो म्हणायचा. "वर जाणाऱ्याला डोक्याशी मऊ लागतं, हे मला कळतं."

त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये पक्षी पाळणाऱ्यांचा मेळावा होता. सोनेरी रंग इतकी वर्षं टिकवला म्हणून लिफ्टमनला ढाल मिळणार होती, आणि त्याने चार शब्द बोलायचे होते.

"तू यायलाच पाहिजेस," तो ताईला म्हणाला. "पुढे बसायचं."

"मी काय करू तिथे?"

"टाळ्या वाजव. माझ्या घरातलं दुसरं आहे कोण?"

ते खरं होतं. लिफ्टमनचं लग्न झालं नाही, ताईचं झालं आणि वर्षात संपलं. त्यानंतर ती दवाखान्यात आया म्हणून लागली. पाच वर्षांनी तिने मोठ्या डॉक्टरांकडे शब्द टाकून धाकट्या भावाला लिफ्टवर लावून घेतलं. दोन खोल्या घेतल्या. पुढची पस्तीस वर्षं दोघं एकाच दवाखान्यात गेली. आता तो सहासष्ट वर्षांचा, ती एकोणसत्तर. तो निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्याला लिफ्टमनच म्हणायचे. ताईला गल्लीत कुणी काही म्हणायचं नाही.

*

हॉलमध्ये बाकांवर पिंजरे मांडले होते. पोपट, कबुतरं, फिंच, आणि कोपऱ्यात कुणाचा तरी एक आजारी दिसणारा मोठा काकाकुवा, ज्याच्याभोवती सगळ्यात जास्त गर्दी होती. मंडळाचा अध्यक्ष इस्त्रीवाला होता. त्याच्या दुकानात कपड्यांपेक्षा लव्हबर्ड जास्त.

"या, या लिफ्टमनकाका. शेठला इथे ठेवा, उजेडात. ताई, तुम्ही पुढच्या रांगेत. पंख्याखाली बसा, नाहीतर या काकाकुव्याच्या ओरडण्याने डोकं उठेल."

ताई पंख्याखाली बसली. शेजारच्या खुर्चीवर एक तरुण बाई होती, खांद्याला पिशवी, मांडीवर वही. पक्ष्यांची डॉक्टरीण, नवीनच आलेली. तिने ताईला हसून जागा दिली.

लिफ्टमनला बोलण्याची भीती कधीच नव्हती. चार बाय पाचच्या डब्यात अनोळखी माणसांशी बोलत त्याने आयुष्य काढलं होतं. तो माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, दरवाज्यापासून लांब उभे राहा." पहिल्याच वाक्याला हशा पिकला.

मग त्याने सांगितलं. सोनेरी रंग टिकवायचा तर सोन्याला सोनंच जोडायचं, भुरा नर आसपास फिरकू द्यायचा नाही. तरी पिल्लांत काही भुरी निघतातच, ती लगेच वेगळी काढायची. पेटीत दिव्याची ऊब सारखी ठेवायची, ताटलीत पाणी ठेवायचं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका अंगाला फुली काढायची, दुसऱ्या अंगाला गोल. दिवसातून तीनदा फिरवायचं. फुली वर असेल तर गोल वर करायचा, गोल वर असेल तर फुली. सतराव्या दिवशी पिल्लं. लोक माना डोलवत होते. दोघं-तिघं लिहून घेत होते.

"आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं," तो म्हणाला, आणि थांबला. कुठे थांबायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. "आमच्या ताईला पेटीपासून लांब ठेवायचं. तिचा हात लागला की चारांतलं एक अंडं बसलंच, वाया गेलं. माणसांची पोरं चालतात तिला, पक्ष्यांची चालत नाहीत."

हॉल हसला. इस्त्रीवाला तर टेबलावर हात आपटून हसला. काही जणांनी वळून ताईकडे पाहिलं. ताईही हसली, म्हणजे तिचे ओठ हलले.

डॉक्टरणीने हात वर केला.

"काका, एक विचारू? चारांतलं एक, म्हणजे नेहमीच?"

"नेहमीच. बारा ठेवली की तीन गेलीच. चोवीस ठेवली की सहा. एखादं इकडेतिकडे."

"आठव्या-नवव्या दिवशी बॅटरीवर धरलं तर आत काय दिसतं? नुसतं रक्ताचं कडं?"

"बरोब्बर." लिफ्टमन खूश झाला. पोरीला काम येत होतं. "कडं दिसतं आणि पुढे काही नाही."

"आणि अंडी ताई फिरवतात?"

"आता नाही. तिचं बंद करून चौदा वर्षं झाली. आता मीच."

"मग आता किती जातात?"

लिफ्टमनने माइक जवळ ओढला. उत्तर जिभेवर होतं. आकड्यांच्या बाबतीत तो कधी चुकत नसे. अक्षरं त्याला जेमतेम यायची, पण आकडे चोख, मजल्यांचे आणि अंड्यांचे.

"चारांतलं एक," तो म्हणाला.

माइकमधून ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. या वेळी कुणी हसलं नाही. काकाकुवा एकदा ओरडला.

डॉक्टरीण उठून उभी राहिली. ती भांडायला उठली नव्हती. तिचा आवाज चांगला होता, समजुतीचा. "काका, यात कुणाच्याच हाताचा दोष नाही. तो या रंगाचाच स्वभाव आहे. पिल्लाला सोनेरीपणा आई किंवा बाप, एकाकडूनच आला तर ते जगतं आणि सोनेरी दिसतं. दोघांकडूनही आला नाही तर भुरं निघतं. पण दोघांकडून आला तर ते अंड्यातच मरतं. सोनेऱ्याला सोनेरी जोडलं की चारांत दोन सोनेरी, एक भुरं, एक मेलेलं, हे ठरलेलंच. निव्वळ सोनेरी असा जिवंत पक्षी नसतोच. तुमचा शेठसुद्धा अर्धा भुराच आहे. त्याच्या माद्यांना भुरा नर द्या. निम्मी पिल्लं सोनेरी येतील, आणि असं एकही जाणार नाही."

"बघा," इस्त्रीवाला वेळ सावरायला म्हणाला, "म्हणजे ताई निर्दोष. लिफ्टमनकाका, आता ताईंना चहा तुमच्याकडून."

पुन्हा थोडं हसणं झालं, पण ते वेगळं होतं. लोक लिफ्टमनकडे बघायचं टाळून हसत होते. ढाल त्याच्या हातात आली. टाळ्या वाजल्या. त्याने पुढच्या रांगेत पाहिलं. ताई टाळ्या वाजवत होती, ठरल्याप्रमाणे. शेजारी डॉक्टरीण तिच्याकडे बघत होती, आणि ताईने तिला एवढंच म्हटलं, "पोरी, पाणी कुठे मिळेल गं इथे?"

*

बसमध्ये गर्दी नव्हती. शेठचा पिंजरा दोघांच्या पायांशी, वर टॉवेल टाकलेला. ढाल लिफ्टमनने मांडीवर पालथी ठेवली होती.

त्याला लाज वाटत होती, आणि ती लोकांसमोर हसं झालं म्हणून असावी असं तो दोन थांबे स्वतःला समजावत होता. तिसऱ्या थांब्याला ते जमेना. हसं होणं वेगळं. ते चार दिवसांत विरतं. हे विरणारं नव्हतं. कारण डॉक्टरणीने सांगितलं ते रंगाचं गणित त्याला नवीन होतं, पण तिने विचारलेला आकडा नवीन नव्हता. ताईने हात काढून घेतला त्यानंतरच्या पहिल्याच खेपेला बारांतली तीन गेली होती. ती त्याने स्वतः मोजली होती. पुढच्या खेपेलाही तीन. त्याने दिव्याला नाव ठेवलं, हवेला ठेवलं, विजेला ठेवलं. घरात त्याने ताईचं नाव घेणं बंद केलं होतं. गंमत मात्र बंद केली नव्हती.

गंमत सोडवत नव्हती. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये माणसं हसत नाहीत. वर जाताना काळजीत असतात, खाली येताना थकलेली, आणि कधी कधी खाली येताना रडत असतात. त्यांच्यात उभं राहून दिवसभर जाळीचा दरवाजा ओढायचा. सोळा वर्षांपूर्वी सोनेरी जोडी घरात आली. गाव सोडून जाणाऱ्या एका पेशंटने ती देऊन टाकली होती. पहिल्या खेपेला तीन अंडी गेली तेव्हा लिफ्टमन चिडून ताईला म्हणाला होता, "तुझा हात जड आहे." ताईने उडवून लावलं, "तीस वर्षं पोरं उचलतेय, एकानेही तक्रार केली नाही." दुसऱ्या दिवशी त्याने हेच लिफ्टमध्ये सांगितलं, आणि लिफ्ट हसली. सहा अनोळखी चेहरे एकदम उघडले. मग त्याने ते रोज सांगितलं. पुढे ताई लिफ्टमध्ये असतानाही सांगितलं.

ती दिवसातून कितीदा तरी असायची. बाळंतपणाची खोली तिसऱ्या मजल्यावर, बायकांचा वॉर्ड दुसऱ्यावर. नवीन बाळ पुसून, गुंडाळून, ताई ते घेऊन एक मजला खाली यायची, सोबत नातेवाईक. "सांभाळून हं," लिफ्टमन त्यांना म्हणायचा, "आमच्या ताईचा हात लागला की चारांतलं एक अंडं बसतं." ते हसायचे. ताई बाळाकडे बघत उभी असायची.

"ताई," तो म्हणाला.

"हं."

"तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस."

"सांगितलं होतं. दोनदा." ताई खिडकीबाहेर बघत होती. "पहिल्यांदा म्हणाले, भुऱ्यांचीही अंडी एकदा ठेवली होतीस, तीही मीच फिरवली, ती कशी सगळी निघाली? तू काय म्हणालास, आठवतंय?"

त्याला आठवत होतं. भुरे अडाणी, त्यांना कुणाचाही हात चालतो, असं तो म्हणाला होता. दुसऱ्या दिवसापासून तेही गमतीत जोडलं होतं.

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा मी हात लावायचं सोडलं. तेच सांगणं होतं."

बस थांबली, दोन माणसं उतरली, बस निघाली. लिफ्टमन ढालीच्या मागच्या खिळ्यावर अंगठा फिरवत होता. एक जुनी गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर यायला लागली होती, आणि ती येऊ नये असं त्याला वाटत होतं. हिरव्या शालीतली एक म्हातारी. ताईच्या हातात बाळ. त्याने गंमत सांगितली, सगळे हसले, म्हातारी हसली नाही. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत तिने हात पुढे केले आणि बाळ ताईकडून काढून घेतलं. आजीला नातवाची घाई झाली, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. तो म्हणालाही होता, "घ्या, घ्या आजी, तुमचंच आहे."

"तू कपड्यांच्या खोलीत बदली मागून घेतलीस ना?" त्याने विचारलं. "गुडघ्यांसाठी. तूच म्हणाली होतीस."

"गुडघे काय, तिसऱ्या मजल्यावरही दुखत होते."

"ताई, ती हिरव्या शालीतली म्हातारी."

ताईने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या लक्षात आहे?"

"आत्ता आली."

"तिचं नातवंड तिसऱ्या दिवशी पिवळं पडलं. पडतात पोरं पिवळी. चार दिवस उपचार झाले की उतरतं, तसं ते उतरलंही. पण तिने वॉर्ड डोक्यावर घेतला. त्या बाईचा हात नको, म्हणाली. तिचा सख्खा भाऊच सांगतो म्हणाली, लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर. मग दुसऱ्या दोघी-तिघीही म्हणायला लागल्या. सिस्टर बिचाऱ्या भल्या होत्या. म्हणाल्या, थोडे दिवस खाली कपड्यांत थांबा, लोक विसरतील."

"थोडे दिवस," लिफ्टमन म्हणाला.

"पाच वर्षं. मग निवृत्तच झाले."

तळघरातल्या त्या खोलीत चादरी मोजायच्या, डाग पडलेल्या वेगळ्या काढायच्या, घड्या घालायच्या. रोज सकाळी तोच तिला लिफ्टने खाली सोडायचा. "ताई चालली पाताळात," असं तो म्हणायचा. तेही लोकांना आवडायचं.

"मला का नाही सांगितलंस, ताई?"

"तू लिफ्टमध्ये सांगितलं असतंस," ताई म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही. पाऊस येईल, छत्री घे, असं सांगावं तसं म्हटलं. मग वाकून पिंजऱ्यावरचा टॉवेल नीट केला, टॉवेलाच्या टोकाला धरून. पिंजऱ्याला बोट लागू दिलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी लिफ्टमनने शेठला माद्यांमधून काढलं आणि खालच्या पिंजऱ्यातला एक भुरा नर वर सोडला. मादीच्या पोटात आधीच्या नराचं बीज काही दिवस रेंगाळतं, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांची अंडी त्याने पेटीत घेतली नाहीत. शेठ एकटा, दिवसभर ओरडायचा. ढाल कुठे लावायची ते ठरत नव्हतं, म्हणून ती तांदळाच्या डब्यामागे उभी राहिली.

त्या दोन आठवड्यांत त्याने ताईची माफी मागायचा तीनदा प्रयत्न केला. एकदा ती म्हणाली, "दूध उतू जातंय, बघ." एकदा म्हणाली, "बरं." तिसऱ्यांदा म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं."

हे तिसरं त्याच्या मनातून जाईना.

मग बारा अंडी पेटीत मांडली, तीन ओळींत चार-चार. फुली, गोल. सकाळी फिरवायची वेळ झाली की तो म्हणायचा, "ताई, अंडी फिरवायचीत."

"फिरव की."

"माझे हात ओले आहेत."

"पूस."

दुपारीही तेच. संध्याकाळीही तेच. ताई पेटीपासून तीन हात लांब, हात काखेत, काचेतून बघत उभी असायची. फिरवून झालं की आत निघून जायची.

पाचव्या दिवशी सकाळी अंडी फिरवून, सगळ्या फुल्या वर करून, लिफ्टमनने इस्त्रीचा शर्ट घातला.

"कुठे निघालास?"

"येतो जाऊन."

"दुपारची अंडी?"

"येतो तोवर."

दवाखान्याचा रंग बदलला होता. लिफ्ट नवीन होती, स्टीलची, आपोआप उघडणारी. तिला लिफ्टमन लागत नव्हता. बाकी जागा तीच होती, भिंतीही त्याच. जुन्या डब्यात त्याचं स्टूल जिथे स्क्रूने बसवलेलं असायचं, त्या कोपऱ्यात तो पाठ लावून उभा राहिला. सहा माणसं आत आली. दार मिटलं. कुणीही हसत नव्हतं.

"इथे तिसऱ्या मजल्यावर एक आया होती," तो म्हणाला. "माझी बहीण."

एक-दोघांनी मान वळवली.

"तिचा हात वाईट आहे असं मी सांगायचो. अंडी बसतात म्हणून. तसं काही नव्हतं. तो रंगाचा दोष होता. मला माहीत होतं तरी सांगत होतो."

लोक वरच्या आकड्यांकडे बघायला लागले. दोन. तीन. दार उघडलं, माणसं भराभर उतरली, दुसरी चढली. त्याने पुन्हा सांगितलं. खाली जाताना सांगितलं, वर येताना सांगितलं. आवाज त्याचा तोच होता, तेच थांबे, पण शेवटाला हसण्याची जागा नव्हती, त्यामुळे वाक्य कुठे संपवावं ते त्याला कळत नव्हतं. एका बाईने त्याला बिस्किटांचा पुडा पुढे केला. एका माणसाने विचारलं, "पेशंट कुठल्या वॉर्डात आहे तुमचा?"

तिसऱ्या मजल्यावर एक तरुण आया बाळ घेऊन आत आली. सोबत बाळाची आजी आणि बाप. बाळ पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, नुसतं नाक दिसत होतं. लिफ्टमनने तोंड उघडलं. बापाने त्याच्याकडे पाहिलं, आजीनेही पाहिलं. त्याने आयेच्या हातांकडे पाहिलं. डाव्या तळव्यात डोकं, उजवा हात खालून. ताई असंच धरायची.

लिफ्टमनने हात उचलून तोंडावर ठेवला आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत तसाच उभा राहिला.

बाळ उतरलं. आया मागे राहिली, तिला परत वर जायचं होतं. "काका," ती म्हणाली, "मघापासून वर-खाली करताय. वॉचमन विचारत होता. तुम्हाला जायचंय कुठे?"

"तू ओळखतेस का गं तिला? कपड्यांच्या खोलीतली मोठी ताई. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत होती."

"मी दोन वर्षांपूर्वी लागले. आणि ती खोली बंद झाली, काका. कपडे आता बाहेर जातात धुवायला."

"तुमच्या सिस्टर?"

"त्याही नवीन."

"म्हणजे इथे तिला ओळखणारं कुणीच नाही."

"नाही," ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून तिने त्याच्यासाठी खालचं बटण दाबलं.

*

घरी पोचायला दोन वाजून गेले होते. दुपारची अंडी बाराला फिरवायची असतात. निवृत्त झाल्यापासून त्याची वेळ कधी चुकली नव्हती.

ताई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून रेडिओ ऐकत होती. आवाज बारीक होता.

"जेवण झाकलंय," ती म्हणाली. "कुठे होतास?"

"वर-खाली."

ताईने त्याच्याकडे नीट पाहिलं. इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. हातात बिस्किटांचा न फोडलेला पुडा. "कुणाला सांगितलंस?" तिने विचारलं.

"जे चढले त्यांना."

"हसले?"

"नाही."

ताईने रेडिओ बंद केला आणि पुन्हा लावला. "हातपाय धू," ती म्हणाली.

मोरीत नळाशी साबण ओला होता. तिथल्या खुंटीवरचा छोटा पंचाही ओला होता, नीट पिळून, टोकं जुळवून टाकलेला, दवाखान्यात टाकतात तसा. लिफ्टमनने हात धुतले, त्याच पंचाला पुसले आणि मागच्या गॅलरीत गेला. शेठ ओरडत होता. पेटीतला दिवा जळत होता. त्याने वाकून काचेतून पाहिलं.

पहिली ओळ, चारही फुल्या. तिसरी ओळ, चारही फुल्या. मधल्या ओळीत तीन फुल्या होत्या आणि एक गोल.

पुढच्या खोलीत रेडिओ चालू होता.

मग त्याने झाकण उघडलं आणि एकेक अंडं दोन बोटांत धरून अकरा अंडी फिरवली. बारावं तिने ठेवलं होतं तसंच राहू दिलं.